मेंढ्यांचा हात

रूबेन एकदा रोलर ओढायला लागला की हाकेला ओ देत नाही, हे मला लग्नापासून ठाऊक आहे. पूर्वी त्याचं मला काही वाटत नसे, कारण रोलरच्या दांड्याची डावी बाजू माझ्याच हातात असायची.

क्रिकेटची खेळपट्टी दाबायचा आमचा रोलर लोखंडी आहे. ओढायला दोन माणसं लागतात. ट्रॅक्टर लावला तर ओल्या जमिनीत चाकं रुततात, म्हणून खेळपट्टीवर ट्रॅक्टर न्यायचा नाही, हा सासऱ्यांचा नियम. चोवीस वर्षं आम्ही दोघांनी तो ओढला. मग एका हिवाळ्यात एडक्यानं मला धडक देऊन दगडी गडग्यावर आपटलं आणि माझा डावा खांदा कामातून गेला. पुढच्या मार्चमध्ये ऑड्री ब्लेड्सनं दांड्याची डावी बाजू धरली, त्यालाही आता चार वर्षं होऊन गेली.

ऑड्री म्हणजे आमच्या गावच्या पोस्टातली बाई. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. क्रिकेट क्लबाची चिटणीस तीच, सामन्याची वही लिहिणारीही तीच. चार रंगांच्या पेन्सिली बाळगते, आणि चारी नेहमी टोक काढलेल्या. तिचे हात स्वच्छ असतात. माझे हात मार्चपासून मेपर्यंत आयोडीन आणि मेंढीच्या वारेचा वास मारतात, कितीही घासा. मला तिचा मत्सर वाटायचा. ह्याला दुसरा बरा शब्द शोधत बसत नाही.

खालचं कुरण आमचंच. नदीकाठाला, घरापासून दोन शेतं खाली. सासऱ्यांनी ते गावाला क्रिकेटसाठी दिलं, पण कागद करून दिलं. शेवटचा सामना झाला की मेंढ्या आत, पहिल्या सामन्याआधी बाहेर. आणि ज्याच्या मेंढ्या त्या कुरणात चरतील त्याला क्लबात एक मत. मेंढ्या माझ्या आहेत. लग्नात माझ्या वडिलांनी चाळीस मेंढ्या दिल्या, डाव्या कुशीवर तांबडा ठिपका असलेल्या. आजही सगळ्या कळपाला तोच ठिपका आहे. पण सभेला मी कधी गेले नाही. मी मागच्या खोलीत चहा करत असे आणि रूबेन दोन्ही हात वर करत असे. "उजवा माझा, डावा मेंढ्यांचा," असं म्हणायचा आणि सगळे हसायचे. अठ्ठावीस वर्षं त्याच विनोदाला हसत होते.

त्या वर्षी मार्चअखेरीला मेंढ्यांची वीण सुरू झाली ती गारठ्यातच. एका मंगळवारी सकाळी वरच्या शेतात एक तरणी मेंढी अडली. बर्फमिश्रित पाऊस तिरपा मारत होता. मेंढी गडग्याला अंग घासत फिरत होती आणि मागून कोकराचं एकच खूर दिसत होतं.

अडलेली मेंढी सोडवायला आमच्याकडे दोघं लागतात. रूबेनचे पंजे मोठे, त्याचा हात आत जात नाही. माझा जातो. म्हणून तो मेंढीला मानेपाशी धरून गुडघ्याखाली दाबून ठेवतो आणि मी बाही वर करून आत चाचपते. एका खांद्यानं मला दोन्ही कामं जमत नाहीत.

गडग्यावरून मी खाली बघितलं. कुरणात रोलर चालला होता. दोघं दांड्याला वाकलेले, दोघांच्या डोक्यावर गोणपाट. मी हाक मारली. "रूबेन! अरे, मेंढी अडलीय!" वारा माझ्याच तोंडावर होता. रोलर कुईकुई करत टोकाला गेला, थांबला, वळला. आणि मग हसणं ऐकू आलं. तिचं आधी, मागून त्याचं. माझी हाक खाली जात नव्हती, पण त्यांचं हसणं बरोबर वर येत होतं.

मी मेंढीला कोपऱ्यात गाठून आडवी पाडली. तिच्या मानेवर पाय टाकून बसले आणि उजवा हात आत घातला. कोकराची मान मागे वळलेली होती. ती सरळ करायला बोटं पुरत नव्हती, डावा खांदा आगीसारखा पेटला होता, मेंढी उठायला बघत होती. किती वेळ गेला सांगता येणार नाही. पहिलं आलं ते मेलेलं आलं. मागचं जिवंत होतं, त्याचं नाक पुसलं, काडीनं नाकपुडी टोचली, मागचे पाय धरून हलवलं, तेव्हा ते शिंकलं.

रूबेन वर आला तेव्हा मेंढी जिवंत कोकराला चाटत होती आणि मी मेलेल्याला पोत्यात घालत होते.

"अगं, हाक मारायची ना," तो म्हणाला.

"मारली."

"रोलर वाजत होता."

"वंगण घाल त्याला. हसणं मात्र काही वंगण न घालता ऐकू आलं."

त्यानं पोतं माझ्या हातातून घेतलं आणि खांद्यावर टाकून चालू लागला. त्याच्या कोटाला तिच्या पोस्टाच्या खोलीतला, लाखेचा आणि शाईचा वास येत होता, असं मला वाटलं. खरा येत होता की नाही, देव जाणे.

त्याच आठवड्यात लीगचं पत्र आलं. आमच्या खोऱ्यातले नऊ क्लब, त्यांची लीग. हंगाम कधी सुरू करायचा आणि कधी संपवायचा, ह्यावर दरवर्षी कुणीतरी कुरकुरत असतं. गेल्या एप्रिलमध्ये तीन सामने गारांनी बुडाले होते, म्हणून ह्या वेळी कायमचा निकाल लावायचं ठरलं. एक तर चालत आलंय तसंच, एप्रिलचा तिसरा शनिवार ते सप्टेंबरचा पहिला. नाही तर मेचा पहिला शनिवार ते सप्टेंबरचा शेवटचा. चार क्लब इकडे, चार तिकडे, आणि आमचा क्लब राहिलेला. निकाल लागला की तीन वर्षं बदल नाही, असंही खाली लिहिलेलं होतं.

पत्र ऑड्रीनं स्वतः आणून दिलं, दाराशीच. "रूबेनला दाखव हं," म्हणाली. जसं काही मी ते चुलीत घालणार होते.

जेवताना रूबेननं ते वाचलं आणि मिठाच्या भांड्याखाली दाबून ठेवलं.

"तुझं काय म्हणणं?" मी विचारलं.

"आहे तेच बरं."

"एप्रिलात? वीण भरात असताना?"

"सुरुवात कधी का होईना, इडा. शेवट वेळेवर व्हायला हवा."

"तुला एप्रिलभर रोलर ओढायचाय, सरळ सांग ना."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग बटाट्याकडे. "रोलरचं काय मध्येच," म्हणाला आणि जेवत राहिला. माझा नवरा असाच आहे. दोन वाक्यांनंतर त्याचं बोलणं संपतं. वर्षाचं जे काही बोलायचं ते तो सप्टेंबरात डोंगरावर बोलतो, पण त्या दिवशी मला सप्टेंबर आठवला नाही. माझ्या डोळ्यांसमोर एप्रिल होता, आणि एप्रिलात दांड्याला धरलेले दोन स्वच्छ हात.

सभा शुक्रवारी संध्याकाळी चॅपलच्या मागच्या खोलीत होती. मी केटली चढवली, कप मांडले आणि ह्या वेळी मागच्या खोलीत न थांबता दाराशी येऊन उभी राहिले. आत चौदा माणसं. अध्यक्ष किट आल्डरसन, आमच्या गडग्यापलीकडचा शेतकरी, टेबलाशी बसलेला. त्याच्या शेजारी ऑड्री, वही उघडून.

कप्तान नेव्हिल उठला. खाणीत काम करतो, हात फावड्याएवढे, गोलंदाजी त्याहून जोरात. "एप्रिलात चेंडू हातात बसत नाही, विटेसारखा लागतो," तो म्हणाला. "मागच्या साली माझी दोन बोटं मेपर्यंत निळी होती. सप्टेंबरात बघा कसं कोरडं ऊन असतं, आणि आपण बॅटी गुंडाळून घरी बसलेलो."

"सप्टेंबरात सहाला अंधारतं," किट म्हणाला. "आणि डोंगरावरच्या मेंढ्या कोण उतरवणार? तुझी खाण?"

"तुम्ही आहात की, किटकाका. तुम्हाला कुणी संघात घेतलंय?"

सगळे हसले. किटही हसला. मी ऐकलं सगळं. मेंढ्या कोण उतरवणार, हेही ऐकलं. पण माझं लक्ष ऑड्रीकडे होतं. तिनं लाल पेन्सिल घेतली आणि हळूच रूबेनकडे बघितलं. रूबेननं तिच्याकडे बघून मान हलवली, अगदी थोडी.

"एप्रिल राहू दे म्हणणाऱ्यांनी हात वर," किट म्हणाला.

ऑड्रीचा हात वर गेला. म्हाताऱ्यांचे गेले. रूबेननं दोन्ही हात वर केले. "उजवा माझा, डावा मेंढ्यांचा," म्हणाला आणि खोली नेहमीसारखी हसली.

"आठ," किट म्हणाला.

"सात," मी म्हटलं.

सगळे वळले. मी एप्रनला हात पुसत पुढे आले. "मेंढ्या माझ्या आहेत, किट. कागदात ज्याच्या मेंढ्या त्याचं मत, असं आहे. डावा हात खाली घे, रूबेन."

कुणी हसलं नाही. रूबेन खुर्चीत तसाच बसला होता, दोन्ही हात वर. गुरांच्या बाजारात कुणी झडती घ्यावी तसा दिसत होता. मग त्यानं डावा हात हळूहळू खाली आणला आणि मांडीवर ठेवला, तळवा वर करून. तो हात मी सकाळीच बघितला होता, मेंढीच्या मानेवर. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मला गंमत वाटायला हवी होती. थोडी वाटलीही.

"आणि मेसाठी?" किटनं विचारलं. आवाज त्यालाच ऐकू जाईल एवढा.

नेव्हिलचे सहा जण आणि तो स्वतः. आणि माझा उजवा, कारण डावा माझा खांद्याच्या वर जातच नाही.

"आठ," किट म्हणाला.

ऑड्रीनं वहीत लिहिलं. लिहिताना तिची पेन्सिल एकदा थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिला काहीतरी विचारायचंय असं वाटलं. मी तिला विचारू दिलं नाही. "चहा गार होतोय," म्हटलं आणि आत गेले. मला वाटलं होतं की लीगला निकालाचं पत्र टाकायला ती दोन दिवस लावेल. तिनं ते तिथंच लिहिलं, तिकीट लावलं आणि जाताना पेटीत टाकलं. तेही मला आवडलं नाही.

घरी येताना रूबेन पुढे चालत होता. फाटकाशी थांबून त्यानं मला आधी जाऊ दिलं, नेहमीसारखं.

"मला आधी सांगायचंस," तो म्हणाला.

"तू कधी विचारलंस? अठ्ठावीस वर्षांत एकदा तरी?"

"नाही," तो म्हणाला. एवढंच.

आणि मग एप्रिल माझा झाला. रोलर पंधरा दिवस पुन्हा छपरीत जाऊन बसला. रूबेन पहाटेपासून माझ्याबरोबर शेतात असायचा, मेंढ्या धरायचा, पोती आणायचा, अनाथ कोकराला दुसऱ्या मेंढीच्या मेलेल्या पिल्लाचं कातडं घालून तिच्याखाली लावायचा. एकही मेंढी गेली नाही. कोकरं फक्त दोन गेली. मी मागितलं होतं ते सगळं मला मिळालं होतं. फक्त तो बोलत नव्हता, आणि मधूनमधून गडग्यावर हात टेकून खालच्या कुरणाकडे बघायचा.

त्यातून त्या वर्षी एप्रिल असा उबदार गेला की म्हाताऱ्यांनाही तसा आठवत नव्हता. तिसऱ्या शनिवारी तर शर्टावर फिरावं असं ऊन होतं. नेव्हिल सायकलवरून जाताना फाटकाशी थांबला.

"इडाकाकू, काय ऊन पडलंय बघताय ना? आज सामना असता."

"मत कुणी दिलं? तूच ना?"

"मी दिलं हो. पण निवडून तुम्ही आणलंत," तो म्हणाला आणि शीळ घालत गेला. मेचा पहिला शनिवार पावसानं धुऊन नेला, हे सांगायला नकोच. दुसराही.

रोलर बाहेर निघाला, ऑड्री आली, दांडा धरला. पण आता हसणं वर येत नव्हतं. मी मुद्दाम गडग्याशी उभी राहून कान देत असे. कुईकुई ऐकू यायची, बस. मला वाटलं, जिंकले. मग वाटलं, आता काय बोलत असतील हळू आवाजात? मत्सराला हसण्यापेक्षा गप्प बसणं जास्त मानवतं, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. गवत कापणीच्या दिवसांत मी रूबेनच्या शर्टाच्या खिशात एकदा लाल पेन्सिलीचा तुकडा बघितला आणि तीन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. चौथ्या दिवशी बघते तर त्याच पेन्सिलीनं तो कोकरांची संख्या कोठाराच्या दारावर लिहीत होता.

ऑगस्ट सरला तेव्हा मला पहिल्यांदा सप्टेंबर आठवला. पूर्वी ह्या दिवसांत सामने संपत आलेले असायचे, आणि त्यानंतरचे दिवस आमचे. मेंढ्यांचा बाजार सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारनंतरच्या मंगळवारी. त्याच्या आधीच्या शुक्रवारी-शनिवारी डोंगरमाथ्यावरून कळप खाली आणायचा. लग्नाच्या वर्षापासून ते काम आम्ही दोघांनीच केलंय. मी डावीकडचा उतार घेते, तो उजवीकडचा, कुत्री मधून. दुपारी वरच्या जुन्या मेंढवाड्याच्या भिंतीला पाठ लावून बसतो, चीज आणि मनुकांचा केक खातो, आणि रूबेन बोलतो. वडिलांबद्दल, आपल्याला मूल झालं नाही त्याबद्दल, कुठली मेंढी कुणाची नात ते, मेल्यावर कुठं पुरायचं ते. खाली आल्यावर पुन्हा वर्षभर गप्प.

ह्या वर्षी त्या शनिवारी शेवटचा सामना होता, आणि शुक्रवारी त्याची खेळपट्टी करायची होती.

"तू येणार नाहीस?" मी विचारलं. मला उत्तर ठाऊक होतं.

"सामना आहे. पंच मीच आहे."

"दुसरा कुणी—"

"तारीख ठरलीय, इडा," तो म्हणाला. टोचून म्हणाला असता तर बरं झालं असतं. हवामान सांगावं तसं म्हणाला.

मी किटला घेऊन गेले. किट चांगला माणूस आहे आणि त्याचा कुत्रा त्याहून चांगला. पण दोन दिवस तो आपल्या दातांबद्दल बोलला. कुठला हलतो, कुठला काढला, काढताना डॉक्टर काय म्हणाला. शनिवारी दुपारी मेंढवाड्याशी बसलो तेव्हा मी फडकं सोडलं आणि आत दोघांचं खाणं निघालं. माझ्या हातांनी सवयीनं रूबेनचंही बांधलं होतं. किटकडे त्याचं स्वतःचं होतं. मी एक वाटा खाल्ला आणि दुसरा पुन्हा गुंडाळला.

तिथून कुरण दिसतं. हिरव्यावर पांढरे ठिपके हलत होते. पांढरा कोट घातलेला एक ठिपका हलत नव्हता, तो रूबेन. धावा लिहायच्या खोपटाचं दार उघडं होतं.

"तुझा नवरा काय मेंढ्यांसारखा उभा आहे बघ," किट म्हणाला.

"चला उठा," मी म्हटलं.

उठताना माझ्या उजव्या गुडघ्यात कट्ट झालं. उतारावर प्रत्येक पावलाला झालं. ह्याच वर्षी सुरू झालं होतं ते. डाव्या उताराला एक ओढा आहे, दरवर्षी मी तो उडी मारून ओलांडते. ह्या वर्षी बसून, पाय खाली सोडून, पाण्यातून गेले. किट दुसरीकडे बघत होता, बरं झालं.

मेंढ्या कुरणाच्या फाटकाशी आणल्या तेव्हा पाच वाजायला आले होते. आत खेळ चालूच होता. दुसऱ्या कुठल्याही वर्षी त्या सरळ आत गेल्या असत्या. आता दीडशे मेंढ्या अरुंद वाटेवर दाटून उभ्या होत्या, ओढ्यात भिजलेल्या लोकरीची वाफ निघत होती. किट मागचं टोक धरून होता. चहाची सुट्टी झाली आणि ऑड्री खोपटातून निघून फाटकाशी आली, हातात चहाचा कप. माझ्यासाठी. आज चहाही तिनंच केला होता.

"घे. दमलीस."

मी कप घेतला. "तुला बरं झालं असेल. दोन दिवस इथंच होता तो."

"इथं?" ती म्हणाली. "आज दोनदा सात चेंडूंचं षटक झालं, इडा. माझ्या वहीत आहे. खिशात सहा खडे घेऊन उभा राहणारा पंच, आणि मोजायला विसरतो. सगळा वेळ वर डोंगराकडे बघत होता. नेव्हिल ओरडला तेव्हा कुठं भानावर आला."

मी चहा प्याले. साखर कमी होती.

"तुला एक विचारू? त्या सभेपासून विचारायचंय," ऑड्री म्हणाली. "तू असं का केलंस?"

"काय?"

"मेंढ्यांचा हात. मला वाटलं, तूच आधी एप्रिल म्हणशील. मी तर तुमच्यासाठीच हात वर केला. नाहीतर मला एप्रिलात त्या खोपटात बसायची काय हौस आहे? बोटं गोठतात माझी."

"आमच्यासाठी?"

"तुमच्या ह्या दोन दिवसांसाठी. रोलर ओढताना तो दुसरं काही बोलतो का? मेंढवाडा, केक, तू काय म्हणालीस, तो काय म्हणाला. ते दलदलीत तुझा बूट गेला होता ते. तू त्याचा एक बूट घालून उतरलीस आणि तो एका पायाला पोतं बांधून. नऊदा ऐकलंय मी ते. दर वेळी तो हसतो आणि मग मलाही हसू येतं." तिनं एका मेंढीच्या कपाळावर हात ठेवला. तिचे हात मला जवळून दिसले. तळव्यावर दांड्याचे घट्टे होते, माझ्याइतकेच जाड. "माझा नवरा होता तेव्हा आम्ही कुठं गेलो नाही. पोस्ट बंद ठेवता येत नाही. मला तुझा फार हेवा वाटतो, इडा. आता सांगून टाकते. आणि त्या सभेनंतर तर तो रोलरवर तेही बोलेनासा झाला."

मला काय वाटलं ते सांगते. लाज वाटली, ती वाटणारच होती. पण त्याच्या आधी, एक क्षण, पुन्हा मत्सरच वाटला. आमचा बूट त्यानं तिला नऊदा सांगितला होता.

"तीन वर्षं," मी म्हटलं.

"हो. पत्र मीच टाकलं," ती म्हणाली आणि घंटा झाली म्हणून खोपटाकडे गेली.

आम्ही हरलो. कितीनं ते मला कळलं नाही. शेवटचा फलंदाज बाद झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि किटनं फाटक उघडलं. मेंढ्या पुढच्या गवताला तोंड लावत आत पसरल्या. रूबेन पांढरा कोट हातावर टाकून खेळपट्टीच्या कडेला खुंट रोवून दोरी बांधत होता, मेंढ्यांनी मध्ये जाऊ नये म्हणून. मी त्याच्याजवळ गेले तेव्हा तो उठला नाही.

"सगळ्या आल्या?" त्यानं विचारलं.

"दोन कमी आहेत. किट उद्या बघतो म्हणालाय."

"गुडघा दुखतोय तुझा."

"कुणी सांगितलं?"

"इथून दिसलं. ओढ्याशी बसलीस."

मी रोलरच्या दांड्यावर बसले, डाव्या बाजूला. पिशवीतून फडकं काढलं आणि त्याच्यासमोर धरलं. त्यानं हात पँटला पुसले आणि घेतलं. चीज घामेजलं होतं, केकचा चुरा झाला होता. तो माझ्या शेजारी बसला आणि चुरा तळहातावर घेऊन खाऊ लागला, डोंगराकडे बघत. मी तीन वर्षांचं गणित करत होते. माझ्या त्रेपन्न वर्षांत तीन मिळवले की किती होतात ते सगळ्यांना येतं. त्या गुडघ्यानं तेव्हा मेंढवाडा गाठता येईल की नाही, हे कुणाला सांगता येणार होतं?

"रूबेन," मी म्हटलं, "मी चुकले."

तो चावत राहिला. चुरा संपला तेव्हा त्यानं फडकं झटकलं, चार घड्या घातल्या आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"केक डोंगरावर चांगला लागतो," तो म्हणाला.